वरचा पुढचा दात

ता. ३, सोमवार

आज मी भट्टीचं दार वेळेआधी उघडलं आणि एका बाईंची दाढ फुटली. बाई सुखरूप आहेत, आपल्या घरी आहेत. फुटली ती त्यांच्यासाठी केलेली पोर्सिलेनची कॅप. बारीकसा 'टिक्' आवाज आला, कुणी बोट मोडावं तसा. बाहेरची गार हवा लागली, वरचा थर आक्रसायला निघाला, आतला अजून तापलेलाच. दोघांचं जमलं नाही. हे असं होतं हे मला फुटायच्या आधीपासून माहीत होतं. त्यावर मला परीक्षेत उत्तम मार्क मिळाले होते.

मामाने तुकडे चिमट्याने उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "इंजिनिअरसाहेब, हे कितव्या सेमिस्टरला होतं?"

"चौथ्या."

"आणि धीर धरणं?"

"ते अभ्यासक्रमात नव्हतं."

हे मामाला आवडलं नाही. मला बोलताना मात्र फार आवडलं होतं. माझं नेहमी असंच होतं. कॉलेज सुटलं तेही असंच. तोंडी परीक्षेत सर म्हणाले, सिरॅमिक आणि पॉलिमरमधला फरक एका वाक्यात सांगा. मी सांगितला. ते म्हणाले, चूक. मी म्हणालो, पुस्तक काढा. ते म्हणाले, बाहेर व्हा. मी झालो, आणि जाताना दार असं काही आपटलं की त्याची काच खळ्ळकन खाली आली. काच म्हणजे सिरॅमिकची चुलत बहीण. दाबा तेवढं सोसेल, पण वाकवायला गेलात की न सांगता जाईल. म्हणजे उत्तर मी प्रात्यक्षिकासकट दिलं होतं. पण ते कुणी तपासलं नाही, आणि मी मामाच्या लॅबमध्ये आलो. खाली लॅब, वर मामा-मामीचं घर. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही कॅपा आणि कवळ्या करून देतो.

आजच्या शिक्षेनुसार मला भट्टीला हात लावायचा नाही. कवळ्यांच्या टेबलावर बदली. कवळीचं ॲक्रिलिक हे फार समजूतदार प्लॅस्टिक आहे. जास्त झालं तर घासा, कमी पडलं तर भर घाला, हातातून पडलं तर बहुतेक वेळा उडी मारून बाजूला होतं. मामी म्हणाली, "भांडायचंच असेल तर कागदाशी भांड, माझ्या नवऱ्याशी नको." म्हणून हे लिखाण.

खरी गोष्ट तर राहिलीच. संध्याकाळी दार वाजलं. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात नवीन असिस्टंट आली आहे, ती माप घेऊन आली होती. मी हातातली कुणा आजोबांची कवळी घेऊनच दार उघडलं आणि तिच्याशी बोलताना नकळत कवळीचे दोन्ही भाग उघडत-मिटत राहिलो.

ती म्हणाली, "तुम्ही बोलताय की हे बोलतायत?"

मला उत्तर सुचलं तेव्हा ती चौकात पोहोचली असेल.


ता. ५, बुधवार

ती पुन्हा आली. वरचा पुढचा दात. पेशंट क्लॅरिनेट वाजवतो. बँडच्या खोलीत खुर्चीवर चढून बल्ब बदलत होता, खुर्ची एकीकडे, हा एकीकडे, दात तिसरीकडे. पंचवीस तारखेला शहराच्या बँडमध्ये कायमच्या जागेसाठी त्याची परीक्षा आहे. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवूनच वाजवावं लागतं म्हणे. डॉक्टरबाईंनी तात्पुरता प्लॅस्टिकचा दात बसवलाय, पण तो दबतो, आणि वरचे सूर घसरतात. दात नीट झाला नाही तर नोकरी गेली.

"झिरकोनिया," मामा म्हणाला. "हातोडीने मारा, काही होणार नाही."

"आणि दिसेल पण हातोडीसारखंच," मी कवळ्यांच्या टेबलावरून म्हणालो. "समोरचा दात आहे. पोर्सिलेन हवं. उजेड आत जाऊन परत आला पाहिजे, तर दात जिवंत वाटतो."

"त्याला वाजवायला दात पाहिजे, बघायला नाही."

"काका, दोन्हीला पाहिजे," ती म्हणाली.

म्हणजे ती माझ्या बाजूने बोलली! मामाच्या तोंडावर! मी चिमटा खाली पाडला.

मामाने शेडची पट्टी (ओळीने लावलेले नमुन्याचे दात, यातून रंग जुळवतात) खिडकीपाशी नेली, लांब धरली, जवळ धरली, आणि माझ्याकडे फेकली. "रंग तू बघ. मी आयुष्यभर बघितलेत, आता कंटाळा आला."

इतक्या वर्षांच्या माणसाला माझ्या नजरेची किंमत कळायला एक फुटकी दाढ पुरली. भट्टी परत माझ्याकडे.


ता. ७, शुक्रवार

कार्डावर डॉक्टरबाईंनी शेड लिहिली होती ए-दोन. ती म्हणाली, "ए-दोन नाहीये तो."

"मग?"

तिने डोळे मिटले. खरंच मिटले. "काठ जवळजवळ पारदर्शक होता, उजेडाला किंचित निळसर. डाव्या कोपऱ्यात पांढरा ठिपका, लहानपणी ताप आला होता तेव्हाचा. मधोमध केसासारखी रेघ, ती हसून थांबल्यावर दिसायची. आणि शेजारचा दात थोडा आत वळलाय, त्यामुळे याची सावली त्याच्यावर पडायची."

मी थक्क झालो. दवाखान्यात लागून तिला महिनाही झाला नाही, आणि हे निरीक्षण! बरं, दात तर तो दवाखान्यात यायच्या आधीच तुटला होता. म्हणजे उरलेल्या दातांवरून तिने अनुमान केलं असणार. कॉलेजात आमच्या सरांकडे अशी बुद्धी असती तर मी आज पदवीधर असतो.

जेवताना मामीला हे सगळं सांगितलं. मामीने विचारलं, "तो पेशंट तिचा कोण?"

"पेशंट," मी म्हणालो.

मामीने न विचारता मला आणखी वाढलं, तापातून उठलेल्या माणसाला वाढतात तसं.


ता. ११, मंगळवार

पहिली कॅप झाली. निर्दोष. एक रेघ नाही, एक डाग नाही. मी ती काळ्या मखमलीवर ठेवून तिच्यापुढे सरकवली. अंगठी देतात तशी सरकवायची नव्हती, पण तशी सरकली.

ती म्हणाली, "हा दात नाही वाटत. दाताची जाहिरात वाटते."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, शेड तुमच्या डॉक्टरबाईंची, ती चूक असेल तर त्यांना जाऊन सांगा. ती म्हणाली, "चूकच आहे. आधी सगळी मापं घेतली, मग शेड बघितली. तोवर तोंड केवढा वेळ उघडं होतं! कोरडा पडल्यावर दात पांढराच दिसणार ना."

हे खरं आहे. दात ओला असतो तेव्हाच त्याचा रंग खरा. मला हे माहीत असायला हवं होतं, तिला कसं माहीत? "गेल्याच आठवड्यात पुस्तकातून वाचलं," ती म्हणाली. "दवाखान्यात वेळ असतो."

मी बायकांच्या मेकअपच्या ब्रशपेक्षा बारीक ब्रश घेऊन बसलो आणि ठिपका, रेघ, निळसर काठ, सगळं तिने सांगितलं तसं रंगवून पुन्हा भाजलं. थंड होईपर्यंत भट्टीला हात लावला नाही. हात मांड्यांखाली घेऊन बसलो. मामा बाजूला ट्यूबलाइट बदलत होता. या महिन्यात तिसऱ्यांदा. "हल्ली ट्यूबा पिवळटच काढतात," म्हणाला. मला तरी पांढरीशुभ्र दिसत होती, पण आज मी कुणाशी भांडणार नव्हतो.

"अजून सांगतो, झिरकोनिया कर," मामा स्टुलावरून म्हणाला.

मी ऐकलं नाही. झिरकोनियाच्या दातावर ती निळसर काठ कुठे शोधणार होती?


ता. १४, शुक्रवार

कॅप बसली! ती स्वतः सांगायला आली. दवाखान्यापासून इथपर्यंत चालत, नुसतं एवढं सांगायला. "इतका सुंदर झालाय, सगळे बघत राहिले." एवढं बोलून तिचे डोळे भरून आले. माझ्या कामाने एखाद्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आल्याची ही पहिलीच वेळ. आईच्या डोळ्यांत आलं होतं, पण ते कॉलेज सोडलं तेव्हा.

आता बोलून टाकायचं असं ठरवलं. पण नुसतं बोलणं मला जमत नाही, बोलता बोलता भांडण होतं. म्हणून भेट करायची ठरवली, आणि माझ्या हाताशी जे होतं त्याची केली. कवळीच्या ॲक्रिलिकचं हृदय. हे ॲक्रिलिक हिरडीच्या रंगाचं असतं, गुलाबी, आणि त्यात लाल नायलॉनचे बारीक धागे असतात, खऱ्या हिरडीत रक्तवाहिन्या दिसतात तसे. मला वाटलं, हृदयाला यापेक्षा योग्य पदार्थ कुठला? दुपारभर पॉलिश केलं. आरशासारखं चमकायला लागलं.

आता लिहिताना वाटतं, पॉलिश करता करता एकदा लांबून बघायला हवं होतं.

संध्याकाळी ती जायला निघाली तेव्हा मी ते पुढे केलं. तिने उलटसुलट बघितलं. "ही कुणाची हिरडी?"

"सॅम्पल," मी म्हणालो. "रंगाचं."

"अरे वा. डॉक्टरबाई कधीपासून मागत होत्या." तिने ते रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. माझं हृदय आता दवाखान्यात ट्रेमध्ये आहे. कवळीवाल्या आजोबांच्या तोंडाशी धरून रंग जुळतो का बघत असतील.


ता. १८, मंगळवार

दात फुटला.

सकाळी ती आली तेव्हा मी हसत दार उघडलं. तिने कागदाची पुडी उघडून टेबलावर उपडी केली. कोपऱ्याचा तुकडा. तोच, ठिपकेवाला. काल सरावाला सगळ्यात वरचा सूर घेतला आणि तुकडा जिभेवर आला.

"एका आठवड्यावर परीक्षा आलीय," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय, कायमची नोकरी असेल तरच त्याच्याबद्दल बोल. नाहीतर विषय बंद. दोन वर्षं थांबलोय आम्ही या परीक्षेसाठी. आणि तुम्ही त्याला शोभेचा दात दिलात!"

त्याच्याबद्दल. आम्ही. निळसर काठ. हसून थांबल्यावर दिसणारी रेघ. लहानपणीचा ताप. अनुमान म्हणे! मी भोपळ्याएवढं डोकं घेऊन दोन आठवडे तिच्या प्रियकराच्या ओठांमागे रंगकाम करत होतो, आणि ती बुद्धिमान आहे म्हणून मामीला सांगत होतो.

मग मी जे बोललो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लाज वाटण्यासारखं सगळं लिहायचं नाही म्हटलं तर माझ्याकडे लिहायला काही उरणार नाही. मी म्हणालो, "मग त्याला सांग, क्लॅरिनेट सोड आणि ढोल बडव. त्याला दात लागत नाहीत."

तिने तुकडा उचलून पुडीत घातला, पुडीला नीट घडी घातली आणि गेली. दार अगदी हळू लावलं. मी आजवर इतकी दारं आपटली, पण एवढा आवाज एकाचाही झाला नाही.

पोर्सिलेनचा हाच दोष असतो. शेवटच्या क्षणापर्यंत दिसायला सगळं छान. ते लवत नाही, कुरकुरत नाही, थेट जातं. मी आरशात बघितलं नाही. गरज नव्हती.

मामी दाराशी उभी होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्या गल्लीला माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"


ता. १९, बुधवार

आज अंथरुणातून उठायचं नाही असं ठरवलं होतं. पंचवीस तारीख आली तशी जाईल. मामा करेल झिरकोनिया. माझं नाव नको, काम नको.

खाली मामा कामाला बसला होता. मी पाणी प्यायला उतरलो, तर तो खिडकीत शेडची पट्टी धरून उभा. एक दात निवडला, कार्डाशी धरला, मान हलवली. तो करड्या रंगाचा होता. ए-दोनचा दूरचा नातेवाईकही नाही.

"मामा, तो सी-तीन आहे."

"मला शिकवू नको." मग पुन्हा बघितलं. पुन्हा मान हलवली, पण आता वेगळी.

मामी मला जिन्यात म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकलाय. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर म्हणतो, मग लॅबमध्ये रंग कोण बघणार? तुला भट्टीवर परत का घेतलं असेल?"

माझ्या नजरेची किंमत! मी जिन्यातच बसलो. ट्यूबलाइटा पिवळ्या नव्हत्या हे माझ्या एकट्याच्याच नजरेला दिसत होतं, आणि तरीही मला दिसलं नव्हतं.

तर मग परिस्थिती अशी: मामाच्या हातून झिरकोनिया होईल, पण रंग होणार नाही. माझ्या हातून रंग होईल, पण त्या माणसाचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. कुणाला तरी बघायलाच हवं.

मी दवाखान्यात फोन केला. उचलला तिनेच. "कालचं चुकलं," मी म्हणालो. माफी मागताना माझा आवाज भांडल्यासारखाच येतो, त्याला इलाज नाही. "त्याला सकाळी पाठवा. क्लॅरिनेटसकट. कुठे फुटला ते कळल्याशिवाय दुसरा करून उपयोग नाही."

"येतो तो," ती म्हणाली. आणि मग, "मीही येते. तुमचा भरवसा नाही."


ता. २०, गुरुवार

त्याला बघून मला राग येईल अशी मी तयारी केली होती. आला तो तिशीतच टक्कल पडायला लागलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं, चपला बाहेर काढायच्या की नाही म्हणून दारात अडखळलेला. मला बघताच म्हणाला, "तुमचा तो पहिला दात फार सुंदर होता हो. मी येता-जाता आरशात बघायचो."

अशा माणसाचा राग कसा करायचा? तरी मी प्रयत्न सोडला नाही.

आधी खिडकीशी उभं करून ओल्या दातांची शेड घेतली. मग म्हणालो, वाजवा. त्याने वाजवलं. खालचे सूर गोड आले, वर चढताना परत बसवलेला तात्पुरता दात दबला आणि क्लॅरिनेट पिंजऱ्यातल्या पोपटासारखं किंचाळलं. तिने डोळे मिटून घेतले. मामा आतून म्हणाला, "काय मेलं?"

मी वाद्याचं तोंड मागून घेतलं आणि भिंगाखाली धरलं. ते एबोनाइटचं असतं, म्हणजे कडक केलेलं रबर. त्याच्या वरच्या बाजूला दातांनी वर्षानुवर्षं घासून खोबणी पाडली होती. एक खोल, एक उथळ. खोल होती ती तिरपी. जुना दात तिरपा होता, त्याने आपल्यापुरती जागा करून घेतली होती.

आणि मी काय केलं होतं? सरळ, सुबक काठाचा दात. तो खोबणीत बसलाच नव्हता. खोबणीच्या कडेवर, एका कोपऱ्यावर टेकला होता. त्याच ठिपक्यावर. सगळा जोर त्या एका टोकावर, आणि तोही दाबणारा नाही, वाकवणारा. पोर्सिलेनला नेमका तोच सोसत नाही. आम्ही तोंडाचं माप घेतलं होतं; वाद्याचं कुणी घेतलंच नव्हतं. मामाने नाही, डॉक्टरबाईंनी नाही, मी तर निळसर काठात बुडालो होतो.

"झिरकोनिया केला असता तरी हललाच असता," मी मामाला ओरडून सांगितलं.

"फुटला नसता," मामा ओरडला.

"पण सूर घसरला असता!"

"अहो," क्लॅरिनेटवाला म्हणाला, "दोघं मिळून करा ना."

इतकं सरळ बोलणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे आमच्या घराण्यात कुणाला येत नाही.

मग ठरलं. आतला सगळा गाभा आणि टेकणारा काठ झिरकोनियाचा. समोर दिसणाऱ्या भागावर पोर्सिलेनचा पातळ थर. आणि वाद्याच्या तोंडावर रबराची पातळ चकती चिकटवायची, म्हणजे खोबणी भरून येईल आणि दातावर जोर पसरून पडेल. एक सोसणारा, एक दिसणारा, एक मधे दबणारा. एकट्याने यातलं कुणीच पुरेसं नाही. परीक्षेत मी कंपोझिटची, म्हणजे मिश्र पदार्थाची, व्याख्या याहून वाईट लिहिली होती.


ता. २२, शनिवार

झिरकोनिया भाजण्याआधी खडूसारखा मऊ असतो, म्हणून तो मुद्दाम मोठा कापतात. भट्टीत तो आक्रसून योग्य मापाचा आणि भयंकर कणखर होतो. माझ्या बाबतीत आत्तापर्यंत आक्रसण्याचाच भाग झालाय.

मामाने गाभा कापला. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी रंगाला बसलो.

आता एक गोष्ट लिहितो. ठिपका काढून झाला, रेघ काढून झाली, आणि ब्रशवर करडा रंग उरला. मला वाटलं, हिरडीजवळ याची अगदी बारीक छटा दिली तर? फुटणार नाही, सूर बिघडणार नाही, परीक्षाही होईल. फक्त जवळून, फार जवळून बघितलं तर दात जरासा मेलेला वाटेल. एवढ्या जवळून कोण बघणार ते मला माहीत होतं.

मी दिली. ब्रश खाली ठेवला. बघितलं. नीट जमली होती, नेमकी हवी तेवढीच. मग पाणी घेऊन पुसून टाकली. मोठेपणा वगैरे काही नाही. काम घाण दिसत होतं. आणि मामाने विचारलं असतं, "रंग बरोबर आहे ना?" आणि मी हो म्हटलं असतं, आणि त्याने मान हलवली असती. त्याला ते कळलंच नसतं.

त्याने खरंच विचारलं. मी म्हणालो, "बरोबर आहे." भट्टी थंड होईपर्यंत आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. मी म्हणालो, "ऑपरेशन करून घे. रंग मी बघतो."

"तू किती दिवस बघशील? कुणाशी तरी भांडशील आणि जाशील."

"जाईन तेव्हा जाईन. आधी एक डोळा तर कर."

"बघू," मामा म्हणाला. मामाचं 'बघू' म्हणजे हो. आत्ता तरी त्याला नीट दिसत नसल्यामुळे दुसरा शब्द वापरायला हवा.


ता. २४, सोमवार

डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. "तुमचा दात, तुम्हीच उभे राहा." (ट्रेमध्ये माझं गुलाबी हृदय होतं. त्याला आता भोक पाडून दोरी बांधली आहे, हरवू नये म्हणून.)

दात बसला, सिमेंट लागलं. डॉक्टरबाईंनी ओठ सोडला, क्लॅरिनेटवाला हसला, आणि मला माझा दात सापडेना. मी उजवा समजून डावा बघत होतो. एवढ्या मेहनतीने केलेली एकच चांगली गोष्ट, आणि ती कुठे आहे ते दाखवायची सोय नाही.

तिला मात्र सापडला. ती एकदम जवळ गेली आणि बघितलं. माझ्याकडे वळून फक्त मान हलवली. मला वाटतं ते 'ठीक' होतं. तिच्या बाबतीत मी काही वाचायचं आता सोडून दिलंय.


ता. २५, मंगळवार

मी जाणार नव्हतो. टेबलावरून उठलो ते गळ्यात भिंगाचा चष्मा तसाच घेऊन थेट बँडच्या इमारतीत. मामा मागून ओरडला, "आलेली मापं कोण बघणार?" मी म्हणालो, "आलोच." मी पायऱ्या चढत होतो तेव्हा आत कुणीतरी ट्रॉम्बोनवाला घाम गाळत होता.

ती कॉरिडॉरच्या बाकावर होती. मला बघून तिने बाजूला पिशवी सरकवली, म्हणजे बसा. मी बसलो. आमच्यात पिशवी.

त्याचं नाव पुकारलं. दार बंद झालं. खालचे सूर आले. लॅबच्या खिडकीशी ऐकले होते तसेच, गोड. मग धून वर चढायला लागली. मला संगीत कळत नाही. मला फक्त एवढं कळत होतं की आत्ता जोर काठावर जातोय, आता रबर दबतंय, आता झिरकोनियाचं काम आहे. ती ओठ दाताखाली धरून बसली होती. मी बहुतेक तसाच बसलो असेन, कारण नंतर ओठ दुखत होता. सगळ्यात वरचा सूर आला. तो तिथेच थांबला. थांबलाच. कुठेही 'टिक्' झालं नाही.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि तो बाहेर आला. नुसती मान वर-खाली. मागून एक मिशीवाले साहेब म्हणाले, "एक तारखेला रुजू व्हा."

ती उठली. तो तिच्याकडे आला. हा क्षण तिने दोन वर्षं मनात घोळवला असणार, आणि त्यात मी नक्कीच नव्हतो. पण मी दोघांच्या मधे गेलो, त्याला खांद्याला धरून खिडकीकडे फिरवला, भिंग डोळ्यांवर चढवलं आणि म्हणालो, "आ करा."

त्याने केला. बिचारा आनंदाच्या भरात होता, कुणीही काहीही सांगितलं असतं तरी केलं असतं. मी काठ बघितला, कोपरा बघितला, पोर्सिलेनचा जोड बघितला. येणारे-जाणारे बघत होते. "तडा नाही," मी म्हणालो. "एकही नाही."

"किती टिकेल हो?" त्याने तोंड मिटून विचारलं.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "तुमच्यापेक्षा जास्त टिकेल."

त्याने तिच्याकडे बघितलं. मी चूक सुधारायला गेलो. "म्हणजे तुम्हा दोघांपेक्षाही. तुम्हाला जाळलं तरी तो तसाच राहील, त्याला हजारावर डिग्री लागतात."

आणि ती हसली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो हसायला लागला ते तिला बघून. इतके दिवस मी आरशासमोर उभं राहून किती किती वाक्यं तयार केली होती तिला हसवायला, आणि हसली ती कधी, तर मी पदार्थाचा वितळणबिंदू सांगताना. मी विनोद केलाच नव्हता.

मग तिने त्याचा हात धरला आणि दोघं जिन्याकडे निघाले. वळणावर तिने मागे बघितलं, बहुधा हात हलवला. बहुधा म्हणतो, कारण भिंगातून हातभर अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसतं. म्हणून ते मी थोडा वेळ काढलं नाही.